घरच्या कॉम्प्युटरचं पाहणार कोण?

ऑफिसातला कॉम्प्युटर अडला की एक फोन फिरवायचा असतो. तिकडून कोणीतरी येतं, नाहीतर बसल्या जागेवरून आपल्या पडद्यावरचा बाण हलवून काम करून देतं. बॅकअप कुठे जातो, अपडेट कधी होतात, जुनं मशीन केव्हा बदलायचं, हे पाहायला एक अख्खा विभाग बसलेला असतो. घरच्या कॉम्प्युटरला असं कोणी नसतं. त्याच्यावर हक्क सगळ्यांचा. मुलांचे प्रोजेक्ट, आजोबांच्या तपासण्यांचे रिपोर्ट, बँकेचे व्यवहार, कराची विवरणपत्रं, लग्नाचे फोटो, सगळं त्याच्याच पोटात. पण त्याचं पाहायचं कोणी, हे कधी ठरलेलंच नसतं. घरात ज्याला त्यातलं थोडंफार कळतं त्याच्याकडे ते काम न सांगता येतं. आमच्याकडे ते माझ्याकडे आलं. मग सासरी-माहेरी दोन्हीकडे "तू आलीस की जरा आमचाही बघ" सुरू झालं, आणि मला ते काम मनापासून आवडतं.

इतक्या जणांची मशीन पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. आपण काळजी करतो ती यंत्राची, आणि यंत्र हीच त्यातली सगळ्यात सहज बदलता येणारी वस्तू आहे. मदरबोर्ड जळाला तर दुसरा मिळतो. विंडोज पुन्हा टाकता येतं, प्रोग्रॅम पुन्हा उतरवून घेता येतात. आता हयात नसलेल्या माणसाच्या आवाजातलं रेकॉर्डिंग मात्र एकदा गेलं की गेलं. म्हणून कोणाच्याही कॉम्प्युटरसमोर बसले की "काय बिघडलंय?" हा प्रश्न मी दुसरा विचारते. पहिला असतो, "यातलं काय गेलं तर तुम्हाला रडू येईल?"

माणसं जरा चमकतात, पण उत्तर प्रत्येकाकडे असतं. काकांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "आईच्या पत्रांचे स्कॅन." शोधायला अर्धा तास गेला. ते निघाले डाउनलोड्स फोल्डरमध्ये, वीजबिलं, तिकिटं आणि एकच इन्स्टॉलर चारचारदा उतरवलेला, त्या सगळ्याच्या मध्ये. नावं होती 'स्कॅन०००१', 'स्कॅन०००२'. कोणाचं पत्र, कुठल्या सालचं, काही कळायला मार्ग नाही. मूळ कागद वाळवीने खाल्लेले, म्हणजे त्या अक्षराची एवढीच एक प्रत उरलेली, आणि ती अशा फोल्डरमध्ये जिथे जागा कमी पडली की माणूस सगळं निवडून डिलीट दाबतो. काका एरवी पडद्यावर धूळ बसू देत नाहीत.

त्यामुळे घरच्या कॉम्प्युटरची निगा हा विषय मी बॅकअपपासूनच सुरू करते, आणि त्यावर इतरांना कंटाळा येईल इतकं बोलते. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये आत गोल तबकड्या फिरत असतात. डेस्कटॉपमधल्या बऱ्याच डिस्क मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. त्या तबकडीच्या वर, काही नॅनोमीटर अंतरावर, वाचणारं-लिहिणारं टोक तरंगत असतं. माणसाचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड. हे इतकं नाजूक काम वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं याचं मला आजही नवल वाटतं, पण ते कायम चालेल असं गृहीत धरण्यात अर्थ नाही. डिस्क ठरावीक अंतराने 'टक्, टक्' वाजायला लागली तर ते टोक जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाहीये असं समजावं. अशा वेळी पुन्हा पुन्हा चालू-बंद करून पाहू नये. मशीन बंद करावं, आणि आतलं खरोखर मोलाचं असेल तर डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडेच ती डिस्क न्यावी.

एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी नव्या प्रकारची डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे ती धक्के सोसते आणि वेगही कितीतरी जास्त देते. पण ती जाते तेव्हा बहुधा आवाज न करता जाते. काल चालू होती, आज मशीनला दिसतच नाही. डिस्कच्या प्रकृतीची नोंद तिच्यातच होत असते, तिला 'स्मार्ट' म्हणतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा फुकट मिळणारा छोटा प्रोग्रॅम ती नोंद वाचून दाखवतो. तिथे 'गुड'च्या जागी 'कॉशन' दिसलं की त्याच दिवशी महत्त्वाचं सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायला बसावं. 'गुड' दिसलं म्हणून निश्चिंत मात्र होऊ नये, कारण कित्येक डिस्क शेवटपर्यंत 'गुड' दाखवत जातात.

पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने डिजिटल फोटो सांभाळण्याविषयी लिहिताना एक साधा हिशेब मांडला होता, तो आता जगभर ३-२-१ म्हणून ओळखला जातो. प्रती तीन असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यातली एक घराबाहेर असावी. घरासाठी याचा अर्थ फार अवघड नाही. मूळ फाइल कॉम्प्युटरवर, दुसरी प्रत बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून एखाद्या कंपनीच्या साठवणीत, किंवा क्लाउड नको असेल तर बहिणीच्या कपाटात ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवर. आग, पाणी, चोरी यांपैकी काही आलं तर घरातल्या दोन्ही प्रती एकदमच जातात. बाहेरची प्रत असते ती त्या दिवसासाठी.

इथे एक गैरसमज मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी भेटतो. "आमचं सगळं क्लाउडवर जातं, आम्हाला बॅकअपची काय गरज?" सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्ह, आयक्लाउड यांचं मुख्य काम इथला बदल तिथे पोचवणं हे आहे. आपण इथे फोल्डर उडवला की ते तो तिथूनही इमानेइतबारे उडवतात. त्यांच्या कचरापेटीत तो काही दिवस राहतो, तेवढ्या मुदतीत लक्षात आलं तर वाचतो. घरच्या फाइलींची गंमत अशी की काय गेलं ते लक्षात येतं वर्ष-दोन वर्षांनी, कोणाच्या तरी साठीचा अल्बम करायला घेतल्यावर.

दुसरी गोष्ट, बाहेरची डिस्क कायम जोडून ठेवायची नाही. रॅन्समवेअर म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम मशीनमध्ये शिरला तर त्याला जी जी डिस्क लिहिता येते ती सगळी तो कुलूपबंद करतो, जोडलेली बॅकअपची डिस्कसुद्धा. बॅकअप घ्यावा, डिस्क 'इजेक्ट' करावी, काढून ठेवावी. विंडोजमधली 'फाइल हिस्टरी' किंवा मॅकवरचं 'टाइम मशीन' पुन्हा जोडल्यावर मधले बदल आपणहून उचलतं. पेन ड्राइव्हवर मात्र कायमची प्रत ठेवायची नाही. वीज न मिळता वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्यातला विद्युतभार हळूहळू झिरपतो, आणि ते खणात हरवतातही फार. फाइल इकडून तिकडे न्यायला ते उत्तम.

आणि बॅकअप घेतला एवढ्यावर थांबायचं नाही, त्यातून एखादी फाइल परत काढून पाहायची. अगदी उघडून. अधूनमधून मी बॅकअपच्या डिस्कवरचा कुठलाही एक जुना फोटो, एक पीडीएफ आणि एक व्हिडिओ दुसऱ्याच लॅपटॉपवर उघडते. 'बॅकअप कम्प्लीट' असा संदेश रोज येत असतो आणि ज्या फोल्डरमध्ये फोटो आहेत तोच त्या यादीत नसतो, हे मी एकाहून अधिक जणांकडे पाहिलं आहे.

एवढं करूनही कोणाच्या हातून काही डिलीट होतंच. तेव्हा आधी कंट्रोल-झेड दाबावं, मग रीसायकल बिन पाहावा. तिथेही नसेल तर काय करायचं हे डिस्कच्या प्रकारावर ठरतं. फिरत्या हार्ड डिस्कवरून फाइल उडवली की खरं तर तिची नोंद तेवढी जाते. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून धड्याचं नाव खोडावं आणि पानं आत तशीच राहावीत, तसं. नवं काही लिहिण्यासाठी ती पानं वापरली जाईपर्यंत धडा परत मिळू शकतो. म्हणून अशा वेळी त्या मशीनवर काहीही करू नये, फाइल परत आणून देणारा प्रोग्रॅमसुद्धा त्याच डिस्कवर उतरवू नये, कारण तो नेमका त्याच जागेवर जाऊन बसू शकतो. एसएसडीत 'ट्रिम' नावाची सोय असते. रिकाम्या झालेल्या जागा ती पुढच्या वापरासाठी लवकरच पुसून ठेवते. वेगासाठी ते चांगलं, पण उडालेली फाइल परत मिळण्याची आशा तिथे फारच थोडी. आता बहुतेक नव्या मशीनमध्ये एसएसडीच असते, त्यामुळे "कोणीतरी काढून देईल परत" हा जुना भरवसा उरलेला नाही.

आता सगळ्यात नेहमीच्या तक्रारीकडे येते, "फार स्लो झालाय गं." आत्याकडे गेले होते तेव्हा तिने दारातच हे सांगितलं, आणि पुढे म्हणाली, "नवाच घ्यावा म्हणतोय हा." मी विचारलं, "रीस्टार्ट कधी केला होता?" ती म्हणाली, "अगं, रोज रात्री बंद करते मी. झाकण नाही नुसतं लावत, नीट शट डाउन करते." मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, त्यातल्या परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूखाली 'अप टाइम' नावाचा आकडा असतो तो तिला दाखवला. तीन आठवड्यांहून जास्त दिवस ते मशीन सलग चालू असल्याचं तिथे लिहिलेलं होतं. आत्याचा विश्वास बसेना, आणि तिचं म्हणणंही खरंच होतं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची त्या क्षणीची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तिथूनच पुढे सुरुवात होते. मशीन झटकन चालू होतं, पण आत साचलेला गोंधळही तसाच पुढे चालत येतो. 'रीस्टार्ट' केलं तर मात्र सगळं मुळापासून सुरू होतं. आठवड्यातून एकदा तरी शट डाउनऐवजी रीस्टार्ट करायचं, एवढं आत्याला सांगितलं.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपची यादी असते. मशीन चालू होताच कोण कोण न बोलावता उठून बसतं ते त्यात दिसतं. आत्याच्या यादीत कधीच घरातून गेलेल्या प्रिंटरचा प्रोग्रॅम होता, दोन व्हिडिओ कॉलचे होते, एका गेमचा होता, आणि तिने नाव न ऐकलेले तीन-चार होते. 'डिसेबल' केल्याने प्रोग्रॅम जात नाही, फक्त आपण उघडेपर्यंत थांबतो, हे समजल्यावर आत्या स्वतःच एकेक बंद करायला लागली. मला ते फार आवडलं. मी घाईघाईत करून दिलं असतं तर पुढच्या वेळी पुन्हा माझीच वाट पाहिली गेली असती.

डिस्क काठोकाठ भरली तरी मशीन रडतं. विंडोजला तात्पुरत्या फाइलींसाठी आणि अपडेटसाठी मोकळी जागा लागते, आणि एसएसडीलाही ती असली तर नीट काम करता येतं. सेटिंग्जमधलं 'स्टोरेज' उघडलं की जागा कशाने खाल्ली ते दिसतं. बहुतेकदा खाणारा एखादा विसरलेला गेम नाहीतर मोबाइलमधून दोनदा उतरवलेले व्हिडिओ असतात. 'एक क्लिकमध्ये कॉम्प्युटर सुसाट' म्हणणारे क्लीनर घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. विंडोजमध्ये जे आहे तेवढं पुरतं, आणि यातले काही क्लीनर स्वतःच स्टार्टअपच्या यादीत जाऊन बसतात. जाता जाता, एक टीबीची, म्हणजे हजार जीबीची डिस्क आणली आणि विंडोज ९३१ जीबीच दाखवतंय म्हणून कोणी फसवलं असं समजू नये. डिस्क बनवणारे दशमान पद्धतीने मोजतात, विंडोज दोनाच्या पटीत मोजतं, एवढाच तो फरक. आणि मशीन पाच-सहा वर्षांचं असून अजून फिरत्या डिस्कवरच चालत असेल, तर नवं घेण्याआधी फक्त डिस्क बदलून एसएसडी बसवून पाहावी. इतक्या थोड्यात इतका फरक पाडणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

अपडेटचा राग मी समजू शकते. काम घाईचं असतं आणि पडद्यावर टक्के मोजत बसावं लागतं. पण मी १२ मे २०१७ चा दिवस लोकांना आठवून देते. त्या दिवशी वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर पसरायला लागलं आणि काही दिवसांत सुमारे १५० देशांतल्या कॉम्प्युटरांवर पोचलं. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या भोकातून ते शिरत होतं ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं होतं त्यांच्या मशीनमध्ये त्या वाटेने शिरकाव झाला नाही. तेव्हापासून अपडेट रात्री घ्यायचं, कामाच्या वेळा 'ॲक्टिव्ह अवर्स'मध्ये भरून ठेवायच्या, पण टाळायचं नाही, असं मी सगळ्यांना सांगते. वाय-फायच्या राउटरलाही अपडेट लागतं हे बहुतेकांच्या गावीही नसतं. त्याचा मूळ पासवर्ड बदललेला नसतो आणि बसवल्या दिवसापासून त्याच्या सेटिंगचं पान कोणी उघडलेलं नसतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची अपडेट थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगली चालणारी कितीतरी मशीन एका फटक्यात बाद ठरली. मला याचं वाईट वाटतं. घरच्या वापरासाठी मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत ठेवली आहे, ती नोंदणी करून घ्यावी. ज्यांचं काम ब्राउझर, पत्रव्यवहार आणि थोडं टायपिंग एवढंच आहे त्यांना मी लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली, पेन ड्राइव्हवरून चालू करून दाखवते. मशीनवर काहीही न टाकता ते पाहता येतं. आवडलं, प्रिंटर चालला, मराठी टायपिंग जमलं, तर मग टाकायचं. सगळ्यांना ते पटत नाही, पण ज्यांना पटतं त्यांचं जुनं मशीन आणखी काही वर्षं कामाला येतं.

सुरक्षेबद्दल मी भीती घालत नाही. घाबरलेला माणूसच फसतो. पडद्यावर अचानक लाल खिडकी उघडते, भोंगा वाजतो, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा' असं लिहिलेलं असतं. ते एक वेबपान असतं, बाकी काही नाही. एफ-११ किंवा एस्केप दाबून पूर्ण पडद्यातून बाहेर यायचं, अल्ट-एफ-४ ने खिडकी बंद करायची, ऐकलं नाहीच तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा. खरा अँटिव्हायरस फोन नंबर देऊन बोलावत नाही. विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरासाठी पुरेसा चांगला आहे, आणि एकावर एक दोन अँटिव्हायरस घातल्याने मशीनचा वेग तेवढा जातो.

एक छोटी सेटिंग मात्र मी प्रत्येक मशीनवर न विचारता बदलते. फाइल एक्स्प्लोररमध्ये 'व्ह्यू', मग 'शो', आणि तिथे 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'ला टिक. विंडोज फाइलीच्या नावाचं शेपूट मुळात लपवून ठेवतं, त्यामुळे बिलाच्या नावाखाली आलेला प्रोग्रॅम पीडीएफसारखा दिसतो. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' असा विषय असलेली मेल जगभर फिरली होती. तिच्यासोबतच्या फाइलीचं नाव 'टीएक्सटी'वर संपतंय असं दिसायचं, म्हणून लोकांनी साधं पत्र समजून ती उघडली. पुढचं 'डॉट व्हीबीएस' लपलेलं होतं, आणि ती चालणारी स्क्रिप्ट होती. एकदा चालली की ती मशीनमधल्या जेपीईजी फाइलींवर स्वतःलाच लिहायची. जेपीईजी म्हणजे घरातले फोटो.

पासवर्डच्या बाबतीत जुनी शिकवण सोडून द्यायची वेळ झाली आहे. दर तीन महिन्यांनी बदला, एक चिन्ह घाला, एक आकडा घाला, हे इतकी वर्षं सांगितलं गेलं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ च्या सूचनांमध्ये स्पष्ट केलं की कारण नसताना ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावू नये, आणि भर लांबीवर द्यावा. सक्तीने बदलायला लावलं की माणसं शेवटचा आकडा एकाने वाढवतात, दुसरं काही करत नाहीत. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द ओळीने घेतले तर लक्षातही राहतात आणि ओळखणंही अवघड जातं. प्रत्येक ठिकाणी मात्र वेगळा हवा, आणि ते डोक्यात मावत नाही, म्हणून पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एकाच मुख्य पासवर्डमागे सांभाळणारा प्रोग्रॅम. निदान मेलच्या खात्याला पासवर्डनंतरचा दुसरा टप्पा, म्हणजे मोबाइलवरच्या कोडसारखी आणखी एक खातरजमा, लावावा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे विसरलेले पासवर्ड त्या मेलवरच येतात. आणि घरातल्या प्रत्येकाला वेगळं खातं, तेही 'स्टँडर्ड' प्रकारचं, म्हणजे मशीनमध्ये मोठे बदल करायचा अधिकार नसलेलं. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड विचारणारी खिडकी आली की माणूस क्षणभर थांबतो. त्या क्षणभरात बरंच काही टळतं.

धूळ, उष्णता आणि वीज यांवर फार लिहीत नाही. लॅपटॉप अंथरुणावर ठेवला की खालच्या जाळ्या बुजतात. डेस्कटॉपची वायर काढून, बाजूचं झाकण उघडून, मऊ ब्रशने धूळ काढावी, आणि पंख्याचं पातं तेव्हा बोटाने धरून ठेवावं, वाऱ्याच्या झोताने ते वेड्यासारखं फिरू देऊ नये. लॅपटॉप सतत चार्जरवर असेल तर चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय बऱ्याच मशीनमध्ये असते, ती लावावी. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर लॅपटॉप वापरणं त्याच क्षणी थांबवावं, फुगलेल्या बॅटरीला टोचायचं नाही, दाबायचं नाही. डेस्कटॉपला यूपीएस असावा, आणि त्याची बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते हे लक्षात ठेवावं. लिहिणं चालू असताना वीज गेली की फाइल अर्धवट राहते, ती मग उघडत नाही.

काकांच्या त्या स्कॅनकडे परत येते, कारण फाइलींना नाव देणं हे मला बॅकअपइतकंच मोलाचं वाटतं. आम्ही दोघं बसलो. एकेक पत्र उघडायचं, काका चष्मा वर करून वाचायचे, तारीख शोधायचे, आणि मी नाव बदलायची. आधी साल, मग महिना, मग दिवस, मग कोणी कोणाला. साल पुढे ठेवलं की फोल्डरमध्ये सगळं आपोआप काळाच्या क्रमाने लागतं. दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांच्या सगळ्या एक तारखा एकत्र येतात. जिथे तारीख नव्हती तिथे काका मजकुरावरून ठरवायचे. "यात तिने धाकट्याच्या परीक्षेचं लिहिलंय, म्हणजे एकोणसत्तर." ही माहिती कुठल्याच फाइलीत नव्हती, फक्त काकांकडे होती, आणि ती त्या नावात उतरली. मग पत्रांचं पीडीएफ-ए या प्रकारात रूपांतर केलं. दीर्घकाळ जपायच्या कागदपत्रांसाठी २००५ मध्ये ठरवलेला तो आंतरराष्ट्रीय नमुना आहे, त्यात लागणारे फॉण्ट फाइलीतच बंद असतात. काकांनी स्वतः पूर्वी टाइप केलेल्या आठवणी जुन्या, युनिकोडपूर्वीच्या फॉण्टमध्ये होत्या. युनिकोड म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसावी अशी अक्षरांची सर्वमान्य पद्धत. तो फॉण्ट नसलेल्या मशीनवर त्यांचे नुसते वेडेवाकडे रोमन अक्षरांचे ढीग दिसत. त्याही युनिकोडमध्ये आणल्या. जुनं साहित्य असं अडकलेलं असेल तर ते उघडू शकणारं मशीन चालू आहे तोवरच हे काम उरकून घ्यावं.

आमच्या कॉम्प्युटरपाशी एक वही असते. मशीन केव्हा घेतलं, वॉरंटी केव्हापर्यंत, राउटरच्या पानाचा पत्ता, बॅकअपची डिस्क कुठे असते, शेवटचा बॅकअप कधी, कुठला भाग केव्हा बदलला. विंडोज ११ च्या पुष्कळ मशीनमध्ये डिस्क आपोआप कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी झालेली असते, आणि ती उघडायची अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते. मशीनमध्ये काही मोठी दुरुस्ती झाली की कधीकधी चालू होतानाच ती विचारली जाते, आणि तेव्हा ती नसेल तर स्वतःच्याच फाइली स्वतःला मिळत नाहीत. ती छापून घरातल्या महत्त्वाच्या कागदांसोबत ठेवली आहे, वहीत फक्त ते कागद कुठे आहेत एवढंच लिहिलं आहे.

वही लिहून झाल्यावर मी ती माझ्या मुलीला दिली आणि म्हटलं, "मी घरात नाही असं समज, आणि आजीच्या पंचाहत्तरीचा व्हिडिओ बॅकअपमधून काढून दाखव." तिला डिस्क सापडली, जोडता आली, फोल्डरही सापडला. अडली ती पासवर्डपाशी. "आई, हा कुठे लिहिलाय?" तो कुठेच लिहिलेला नव्हता, मला पाठ होता. त्या संध्याकाळी पासवर्ड मॅनेजरचा मुख्य पासवर्ड आणि डिस्कचा पासवर्ड एका पाकिटात घालून रिकव्हरी कीच्या कागदासोबत ठेवला, आणि पाकीट कोणाकोणाला ठाऊक आहे ते वहीत लिहिलं. गुगलच्या खात्यात 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे, ॲपलमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' आहे. खातं बराच काळ वापरलं गेलं नाही किंवा माणूस राहिला नाही, तर ते कोणाला उघडता यावं हे तिथे आधीच सांगून ठेवता येतं. दोन्ही ठिकाणी मुलीचं नाव घातलं. आता काकांच्या मशीनवर हेच करायचं आहे, आणि त्यांनी कोणाचं नाव द्यायचं ते त्यांच्याशी बोलून ठरवायचं आहे.